टेरिअरची हळद

काकांनी मला कामावर ठेवताना एकच प्रश्न विचारला. "कुत्रा फिरवता येतो का?"

"येते," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर मी जन्मात कधी कुत्रं पट्ट्याला बांधून फिरवलं नव्हतं. आमच्याकडे, वर्धेच्या पलीकडच्या खेड्यात, कुत्री आपापली फिरतात आणि जेवायच्या वेळी आपापली घरी येतात. पण आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला एक सवय लागते. कुणी काही येतं का विचारलं, की आधी हो म्हणायचं आणि घाबरायचं नंतर.

"उत्तम," काका म्हणाले. "तोच तुम्हाला फिरवील. आपण फक्त पट्टा सोडायचा नाही. एवढं शिक्षण पुरे."

काका म्हणजे खडकीतले एक निवृत्त गृहस्थ. सगळा जन्म कारखान्यात गेलेला, बायको काही वर्षांपूर्वी वारलेली, एकुलती मुलगी खराडीच्या एका उंच टॉवरमध्ये. खडकीत त्यांचं बैठं घर, पुढे व्हरांडा, मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला जुन्या सामानाची एक खोली. ते सामान मी दोन दिवस खपून हलवलं आणि ती खोली मला मिळाली. त्याआधी मी खराडीतच एका कंपनीच्या पँट्रीत चहा-कॉफीच्या मशीनपाशी उभा असायचो आणि सात-आठ पोरांच्या गर्दीत झोपायचो. त्यामुळे जिला आतून कडी आहे अशी माझी एकट्याची खोली, हे काही माझ्या पचनी पडेना. पहिल्या दिवशी मी ती कडी उगाचच लावून आणि काढून बघत बसलो.

आणि तो. गुडघ्याच्या खालीच संपेल एवढा, पांढराशुभ्र, डाव्या डोळ्यावर आणि कानावर तपकिरी डाग, शेपूट अंगठ्यासारखी ताठ. टेरिअर. साहेब लोकांनी त्यांच्या मुलखात कोल्ह्याच्या बिळात सोडायला ही जात तयार केली म्हणे. आता खडकीत कोल्हे नसल्यामुळे तो काकांच्या कुंड्या उकरायचा, शेजारच्या बाईंच्या शेवंत्या उकरायचा आणि काहीच मिळालं नाही तर माझी चटई उकरायचा. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. काकांनी त्याला आपल्या नोकरीतल्या एका वरिष्ठांचं नाव ठेवलं आहे, आणि ते वरिष्ठ अजून त्याच भागात राहतात. संध्याकाळी ते समोरून फिरायला आले की काका मुद्दाम मोठ्यांदा नाव घेऊन हाक मारायचे, "चल, इकडे ये! किती वास घेतोस लोकांचे!"

पहिले काही दिवस त्यानं मला खरंच फिरवलं. मुळा नदीच्या बाजूला, रेल्वे स्टेशनच्या मागे, लष्कराच्या भिंतीच्या कडेकडेनं. एवढासा जीव, पण ओढ बघावी तर गाडीला जुंपलेल्या गोऱ्ह्याची. घरी आलो की मी दमून भिंतीला टेकायचो आणि हा तोंडात चेंडू घेऊन समोर उभा. म्हणजे आता खेळ.

एका संध्याकाळी तो असाच ओढत असताना माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "होऽऽ."

माझे वडील सालदार होते. वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या बैलांमागे. बैल थांबवायला ते गळ्यातून एक लांब, खालच्या पट्टीतला 'होऽऽ' काढायचे. ओरडायचे नाहीत. "जनावराले ओरडलं की ते पळते. त्याच्याहून हळू बोललं की ते कान देते," असं म्हणायचे. तर तो 'होऽऽ' ऐकून हा पठ्ठ्या थांबला. मागे वळून, एक कान वर करून माझ्याकडे बघायला लागला, जणू म्हणतोय, हे काय नवीन? मी खिशातला पोळीचा तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी परत केलं. आठवड्याभरात असं झालं, की कितीही वेगात असो, मांजरामागे असो, 'होऽऽ' म्हटलं की चारही पाय जमिनीला रोवून उभा. निघायला 'चाल रे'. काका व्हरांड्यातून बघायचे. एकदाच म्हणाले, "नांगराला जुंपायचा असेल तर आधी सांग. कुंड्या बाजूला घेतो."

तोवर मी त्यांच्यासाठी 'तुम्ही'वरून 'तू' झालो होतो. पुण्यात ही बढती असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी घाबरलो होतो की आपलं काय चुकलं.

जूनमध्ये काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर दोन-तीन महिने मुलीकडे राहायचं, व्यायाम करायचा, मग पुढचं पुढे. मुलीला मी ताई म्हणतो. ताई मला 'दादा' आणि 'अहो-जाहो' करतात, आणि त्या रागावल्या तरी अहो-जाहोमध्येच रागावतात, त्यामुळे ते जास्त लागतं. ताईंच्या मुलाला कुत्र्याच्या केसांनी दम लागतो, म्हणून हा खराडीला जाऊ शकत नव्हता.

काकांना नेण्याच्या दिवशी सामान गाडीत ठेवून झाल्यावर ताईंनी मला बाजूला बोलावलं. "दादा, स्पष्ट सांगते. बाबांना हा झेपेल असं मला वाटत नाही. नवीन गुडघा, आणि हा धावत येऊन पायात घुसणार. एकदा पडले की संपलं. मुळशीकडे आमच्या ओळखीच्यांचं फार्महाउस आहे, ते ठेवायला तयार आहेत. पण बाबा ऐकत नाहीत. म्हणून श्रावण संपेपर्यंत बघू. तुम्ही सांभाळा. आजारी पडला, काही झालं, तर मात्र मी त्याला पाठवणार. आणि मग बाबाही माझ्याकडेच राहतील."

हे घर मग बंद, हे त्यांनी म्हटलं नाही. मला कळलं. कुत्रा गेला की काका येणार नाहीत, आणि काका आले नाहीत की अंगणाच्या टोकाच्या खोलीत मी राहण्याचं कारण नाही. पण खरं सांगतो, त्या क्षणी खोलीपेक्षा जास्त मला काकांचा चेहरा दिसत होता. गाडीत बसून ते मान सरळ ठेवून समोर बघत होते आणि हा गेटच्या फटीत नाक घालून कुईं कुईं करत होता. "त्याला आत घे," काका काच खाली करून म्हणाले. "रस्त्यावर तमाशा नको."

काच वर गेली आणि गाडी निघाली.

काका असताना हा त्यांच्या पलंगाखाली झोपायचा. आता पुढच्या घराला कुलूप. म्हणून मी ठरवलं, की याला अंगणात एक घर बांधायचं. स्टेशनजवळच्या एका दुकानातून पॅकिंगच्या लाकडी पेट्या मिळाल्या, काही पत्रे काकांच्या माळ्यावर होते. आणि मी जे बांधलं ते वर्धेच्या उन्हाळ्यासाठी बांधलं. आमच्याकडे घर म्हणजे पहिला विचार उन्हाचा. वारा खेळला पाहिजे, छप्पर उंच पाहिजे, दाराला वाळ्याची ताटी पाहिजे, तिच्यावर पाणी शिंपडायला जागा पाहिजे. मी सगळं केलं. दार ऐसपैस, पश्चिमेला, संध्याकाळचा वारा यावा म्हणून. वाळ्याचा पडदासुद्धा मिळवला. त्यात दोन बकऱ्या आरामात बसल्या असत्या.

ताई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून फोन काकांच्या हातात द्यायच्या. मी मोठ्या अभिमानानं फोन फिरवून घर दाखवलं.

काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग काका म्हणाले, "हे कुत्र्याचं घर आहे का मंगल कार्यालय? जेवणाची पंगत कुठे बसते?"

दोन दिवसांत पुण्याचा पाऊस त्या पश्चिमेच्या दारातून सरळ आत शिरला, वाळ्याचा पडदा ओल्या गवताच्या पेंढीसारखा लोंबायला लागला, आणि घरमालक उठून माझ्या खोलीत आला, अंग झटकून माझ्या पांघरुणात शिरला. त्यानंतर लसीसाठी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी भीत भीत विचारलं. डॉक्टर म्हणजे तरुण मुलगी, पण हाताला घाई नाही. म्हणाल्या, "दादा, कुत्र्याचं घर लहान हवं. त्यानं उभं राहावं, गोल फिरावं, अंग लांब करून झोपावं, एवढंच. त्याच्याच अंगाच्या उबेनं ते गरम राहतं. मोठं केलंत तर तो थंडीत कुडकुडणार. आणि जमिनीपासून वर."

मी पहिलं घर मोडलं. त्याच लाकडात अर्ध्याहून लहान दुसरं बांधलं. चार विटांवर उचललेलं, खालून वारा जाईल असं. दार पूर्वेला, तेही मधोमध नाही, एका कडेला, म्हणजे आत शिरून वळलं की झोपायचा कोपरा दाराच्या वाऱ्यापासून दूर. छप्पर उतरतं आणि बिजागरीवर, उचलून आतून झाडता येईल असं. दाराला पोत्याचा दुमडलेला तुकडा. अंगणाच्या तारेच्या कुंपणाखाली हातभर चर खणून जाळी पुरली, कारण हा उकरून पलीकडे शेवंत्यांकडे जायचाच. झालं तेव्हा तो आत गेला, तीनदा गोल फिरला, नाक पंजांवर ठेवून बाहेर बघायला लागला. मी बाहेर उकिडवा बसून त्याच्याकडे बघत बसलो. किती वेळ बसलो कोण जाणे. हसू येत होतं.

आईला फोनवर सांगितलं.

"तू कुत्र्याले घर बांधून राह्यला?" आई म्हणाली. "अन् आपल्या घराच्या टिना उडाल्या त्याचं काय बाप्पा?"

"दिवाळीत येतो ना मी."

"पाहजो बरं, घराले दार पूर्वेला ठेवजो."

"ठेवलं."

"मंग ठीक आहे," आई म्हणाली. कुत्र्याचं का असेना, वास्तूची दिशा चुकली नाही याचं तिला समाधान.

दिवस मग एका लयीत जायला लागले. सकाळी उठल्याबरोबर लांब फेरी. आल्यावर पावसानं ओले झालेले पाय कोरडे करायचे, बोटांच्या मधे गोचीड आहे का बघायचं. कान उचलून वास घ्यायचा, घाण वास आला तर डॉक्टरांचं औषध. आठवड्यातून दोनदा ताठ केसांच्या ब्रशनं अंग विंचरायचं. त्याचे केस आखूड, पण ते माझ्या डाळीत, चहात, सगळीकडे मिळायचे. नखं. दात. दात घासताना तो असा चेहरा करायचा, की शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणायच्या, "अहो, जीव घेताय का त्याचा?" जेवण सकाळी आणि संध्याकाळी, मोजून, कारण ही जात जितकं द्याल तितकं खाते आणि वर तुमच्याकडे बघत बसते, की तुम्ही जेवलात का? उरलंय का? आणि दुपारभर शिकार. अंगणाच्या कोपऱ्यातली घूस त्यानं काढली, तेव्हा मी त्याला उचलून नाचलो.

पण कानाचं औषध आणायला गेलो तेव्हा डॉक्टर मात्र घुशीचं ऐकून हसल्या नाहीत. ताईही फोनवर होत्याच, त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "लस दिली आहे, तरी पावसाळ्यात जपा. उंदीर-घुशींच्या मुतातून एक आजार होतो. कावीळ होते. डोळे, हिरड्या पिवळ्या दिसल्या, खाणं सोडून पडून राहिला, तर एक तासही थांबू नका."

त्या दिवसापासून मी रोज सकाळी त्याचा ओठ वर करून हिरड्या बघायचो. गुलाबी. रोज गुलाबी. रोज मला तेवढाच आनंद.

श्रावण संपत आला. आमच्याकडे श्रावणातल्या अमावस्येला पोळा, बैलांचा सण. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसलं तो खांदा लोण्यात हळद कालवून पळसाच्या पानानं चोळायचा आणि बैलाच्या कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." माझे वडील हे दुसऱ्यांच्या बैलांना म्हणायचे. आमचे बैल कधी नव्हतेच. पण चोळताना ते असे चोळायचे, की मालकालाही वाटावं, बैल याचेच असतील.

खडकीत बैल कुठले? पण त्या आठवड्यात फिरून आल्यावर याचा हार्नेस काढताना माझं लक्ष गेलं. हार्नेस म्हणजे छातीवरून आणि खांद्यामागून जाणारा पट्टा. तो जिथं बसतो तिथले केस झिजले होते आणि खाली कातडी जरा लाल. मी तिथं बोट फिरवलं तर त्यानं डोळे मिटले. आणि माझ्या डोक्यात आलं, की हे जूच आहे की. हा रोज मला ओढत नेतो. याच्याच खांद्यावर माझी खोली उभी आहे. मग याची खांदशेकणी मी नाही करायची तर कुणी?

पळस पुण्यात शोधायचा कुठं, हा प्रश्न. मग आठवलं, पत्रावळी पळसाच्या असतात. पूजेच्या सामानाचं एक दुकान नारायण पेठेत आहे असं कळलं, तिथं गेलो. "एक पत्रावळ पाहिजे," मी म्हणालो.

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "एक? एकटेच जेवणार?"

"जेवायला नाही, कुत्र्याचा खांदा चोळायचा आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "गठ्ठा मिळेल," ते म्हणाले. "सुटी मिळत नाही. कुत्र्यालाही नाही." मी गठ्ठा घेतला.

संध्याकाळी अंगणात सतरंजी टाकली. वाटीत लोणी, त्यात हळद, आईनं गावाकडून पाठवलेली, चांगली गडद. पान भिजवून मऊ केलं आणि दोन्ही खांदे हळूहळू चोळले. तो सतरंजीवर आडवा, पाय लांब, जीभ बाहेर. मी कानाशी वाकून म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." कान हलला.

इथपर्यंत सगळं वडिलांसारखं झालं. पण बैल आपला खांदा चाटत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात या साहेबांनी मान वळवून लोणी चाटलं, मग ते पुरेना म्हणून सतरंजीवर लोळले, मग वाटीत तोंड घातलं. मी परत आलो तेव्हा आमच्या अंगणात एक पिवळा कुत्रा होता. पाठ पिवळी, पोट पिवळं, मिशा पिवळ्या, जीभ पिवळी. आणि लोण्यानं पोट भरून असा सुस्तावला होता, की शेपूटही उचलेना.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. मी सवयीनं फोन त्याच्यासमोर धरला. काकांनी हाक मारली. तो उठला नाही. डोळा किलकिला केला आणि परत मिटला. मग ताईंचा चेहरा एकदम जवळ आला. "दादा, हा पिवळा का दिसतोय? दादा, त्याचं तोंड बघा—"

आणि फोन मेला. चार्जिंग नव्हतं. दिवेही त्या संध्याकाळी नेमके गेलेले, त्यामुळे लावायलाही सोय नाही. ताईंनी काय पाहिलं असेल हे माझ्या डोक्यात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा मी धावत नळावर गेलो. बादलीत पाणी घेऊन त्याला घासायला बसलो. ज्यानं कधी हळद घासून काढायचा प्रयत्न केला आहे त्याला माहीत आहे काय होतं. पांढरं पिवळं होतं, आणि पिवळं आणखी सारखं पसरतं. शेजारच्या बाईंचा फोन मागावा तर बाई बाहेर गेलेल्या. शेवटी मी त्याला मांडीवर घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. दोघंही ओले.

अंधार पडत होता तेव्हा गेटपाशी गाडी थांबली. ताई उतरल्या, मागून बॅग घेऊन डॉक्टर. वाटेत त्यांना उचलून आणलं होतं. आणि मग पुढचं दार उघडून, कुणाच्याही मदतीची वाट न बघता, आधी वॉकर आणि मग काका.

वॉकरचा टक आवाज फरशीवर झाला. माझ्या मांडीवरची सुस्ती गेली कुठे कळलंच नाही. तो सुटला. बाणासारखा, सरळ त्या आवाजाकडे, काकांच्या पायांकडे.

"धरा त्याला!" ताई किंचाळल्या. "बाबा, थांबा! गुडघा!"

मी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. माझ्या समोर काका पडलेले मला आधीच दिसत होते.

"होऽऽ," काका म्हणाले.

अगदी शुद्ध, सदाशिव पेठेत शोभेल असा. पण खालच्या पट्टीत. त्याच्याहून हळू. हा गडी वॉकरपासून वीतभर अंतरावर चारही पाय रोवून उभा राहिला. फक्त शेपूट, आणि शेपटीच्या मागे अख्खं अंग थरथरत होतं. काका दोन क्षण तसेच उभे. मग म्हणाले, "चाल रे." आणि दोघं चालायला लागले. टक, पाऊल. टक, पाऊल. हा वॉकरच्या बाजूनं, एक पाऊल मागं, मान वर करून त्यांच्याकडे बघत. आधी व्हरांड्यातून आणि मग रोज व्हिडिओ कॉलवर काका हे ऐकत होते, हे मला तेव्हा कळलं. मला वाटायचं ते फक्त बघतात.

ताई गाडीला हात टेकून उभ्या होत्या.

डॉक्टरांनी मोबाइलच्या उजेडात त्याला तपासायला घेतलं. ओठ वर केला. पिवळं. ताईंनी तोंडावर हात धरला. डॉक्टरांनी कापसाचा बोळा ओला करून हिरडीवरून फिरवला. बोळा पिवळा, हिरडी गुलाबी. त्यांनी बोळ्याचा वास घेतला.

"हे लोणी आहे?"

"हाव," मी म्हणालो. घाबरलो की माझी सगळी वर्धा बाहेर येते. "लोणी न् हळद. पोळा आहे ना उद्या, तर खांदशेकणी केली त्याची. बैलाची करते तशी. त्याचा खांदा दुखून राह्यला होता, म्हणून. बाकी काही नाही झालं त्याले, डॉक्टर, खरंच. मी रोज पाहतो हिरड्या."

डॉक्टरांनी खांद्यावरचे केस बाजूला करून बघितलं. "हार्नेस लहान झालाय याला. खांदे भरलेत, चांगलं चालवलंत तुम्ही. पण हे लाल दिसलं त्याच दिवशी मला फोन करायचा होता, दादा. पट्टा बदलायचा, बस. आणि हळद ठीक आहे, लोणी नाही. उद्या याचं पोट बिघडणार, ते निस्तरायला तुम्हीच आहात." मग त्यांना हसू आवरेना. मान खाली घालून, बॅगेची चेन लावण्याचं निमित्त करून त्या हसत होत्या.

ताई पायरीवर बसल्या. "मी वाटेत देवाला काय काय कबूल केलंय, तुम्हाला कल्पना नाही," त्या म्हणाल्या. "खराडीपासून इथपर्यंत. या कुत्र्यासाठी! मी!" डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. "तुमच्यावर ओरडायचं ठरवून आले होते. आता ओरडू कशावरून?"

"लोण्यावरून ओरड," काका म्हणाले. "घरचं दिसतंय." मग माझ्याकडे वळून, "जेवणाचं निमंत्रण फक्त यालाच आहे का? तसं असेल तर स्पष्ट सांग. पुण्यात त्याचा कुणी राग मानत नाही."

त्या रात्री काका आपल्या पलंगावर झोपले, आणि हा पलंगाखाली.

दुसऱ्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या. याच्यासाठी गूळ-जायफळ घालायच्या आधीच शिजलेली डाळ चिमूटभर बाजूला काढली होती, पण डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं, त्याला दिवसभर नुसता भात-दही. तो आम्हा सगळ्यांकडे असा बघत होता, की निमंत्रण देऊन असा अपमान खडकीत कुणी केला नसेल. ताई दुपारी परत आल्या. पंगत व्हरांड्यात, पत्रावळींवर. नेमक्या भरपूर होत्या.

"आमच्या गावाकडे पोळा भाद्रपदात," काका दुसरी पोळी घेत म्हणाले. "तुझा झाला. पुढच्या महिन्यात माझा. पण हळदीचा डबा मी माझ्याकडे ठेवणार."

"पुढच्या महिन्यात तुम्ही खराडीला असाल, बाबा," ताई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांचं लक्ष कुत्र्याकडे होतं. काका हात धुवायला उठले होते आणि हा उठून, वॉकर टेकेपर्यंत थांबून, मग पाऊल टाकत होता. ताईंनी ते शेवटपर्यंत पाहिलं, काका परत येऊन बसेपर्यंत. मग पाणी प्यायल्या. "रविवारी तुमचं सामान आणते," त्या म्हणाल्या. "पण व्यायाम रोज. फोनवर बघणार मी. कुत्र्याचाही आणि तुमचाही."

काकांनी ताक मागितलं. मी ताक वाढताना ताईंकडेच बघत राहिलो, अर्धं फरशीवर गेलं, आणि ते ज्याचं पोट बिघडलं होतं त्यानं पुसून घेतलं.

जेवणानंतर ताई अंगणात गेल्या. कुत्र्याचं घर खाली वाकून बघितलं, छप्पर उचलून बघितलं, जाळी बघितली. मग माझ्या खोलीत डोकावल्या आणि तशाच दारात उभ्या राहिल्या. "दादा, इथे खिडकीच नाही?"

"हवा येते ना ताई, दार उघडं ठेवतो मी."

काका व्हरांड्यातून ऐकत होते. "कुत्र्याच्या घराचं दार पूर्वेला का पश्चिमेला यावर या माणसानं पंधरा दिवस घातले," ते म्हणाले. "स्वतःच्या खोलीला खिडकी नाही हे दिसलं नाही. गवंडी बोलाव सोमवारी. कुठल्या भिंतीत पाहिजे ते तूच सांग."

असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. रस्त्याकडची भिंत होती, तिकडून उजेड जास्त आला असता. मी अंगणाकडची सांगितली.

पिवळेपणा जायला बरेच दिवस लागले. फिरायला निघालो की लोक थांबवायचे. "हळद लागली वाटतं? लग्न कधी?" काकांचे ते वरिष्ठ एकदा समोर आले, त्यांनीही हेच विचारलं. काकांनी वॉकर थांबवला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मुलगी बघतोय. तुमच्या नात्यात कुणी असेल तर सांगा." आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "कुत्र्याले हळद लागली, आता तुहा नंबर लाव."

खिडकी झाली. गवंड्यानं ती जरा खालीच बसवली. मी म्हणालो राहू द्या. आता हा अंगणातल्या आपल्या घरातच झोपतो; सकाळी उजाडलं, की बाहेरून दोन पंजे खिडकीच्या कट्ट्यावर येतात, मधे एक तपकिरी डोळा असलेलं तोंड, आणि ते मला उठवतं. मी उठतो, त्याचा ओठ वर करतो. गुलाबी असतं. मग आम्ही काकांना उठवायला जातो.